गॅसकेटच गेली असणार!

मंडळी, आज माझ्या लोणावळ्याच्या गॅरेजात जे झालं ते सांगतो. हसायचं तर हसा.

गेल्या आठवड्यात कार्ल्याच्या आबांच्या मोटारीच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, मी घासून दिलं होतं, घाट जोरात चढावा म्हणून. आज सकाळी ते परत आले. गाडी चढावर उकळत होती. रेडिएटरचं झाकण काढलं, तर पाणी दुधासारखं पांढरं!

मी लगेच ठरवून टाकलं: हेड जास्त घासलं गेलं, त्याखालची सांधा बंद ठेवणारी गॅसकेट फुटली, पाण्यात ऑइल शिरलं. चूक माझीच. कुणाला कळायच्या आत निस्तरावी म्हणून घाईघाईने हेड उपसलं, त्यात गॅसकेट फाटली. पण तिच्यावर गळतीची एकही खूण नव्हती.

तेव्हा कुठे त्या पाण्यात बोट बुडवलं. तेलकट नव्हतं, खळीसारखं चिकट होतं.

"आबा, हे काय?"

"तांदळाचं पीठ. रेडिएटर गळत व्हता, म्हून टाकलं."

"मग सांगायचं नाही का?"

"तुमी इचारलं कुटं?"

आबा टांग्याने घरी गेले. नवी गॅसकेट मुंबईहून येईपर्यंत गाडी इथंच.

सकाळी तिची गॅसकेट धड होती. तुम्ही तरी आधी गाडीवाल्याला विचारता का?