माझ्याच अक्षरातली वाटणी

आष्टीत कुणाच्या घरी मयत झाली की चाळिसाव्या दिवसानंतर माणसं दादाअब्बांकडे यायची. माझे आजोबा उर्दू शाळेतले निवृत्त मास्तर, आणि वारसांचे हिस्से पाडण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. बायकोला आठवा, मुलाला दोन तर मुलीला एक, असं बोटांवर मोजत ते सांगायचे आणि मी लिहायचे. मोतीबिंदूनंतर त्यांना बारीक दिसत नव्हतं, आणि माझं अक्षर तलाठ्यालाही आवडायचं.

वाटूरचे दोघे भाऊ एकदा बहिणीच्या माफीचा कागद घेऊन आले. तिनं म्हणे राजीखुशीनं हिस्सा सोडला होता. दादाअब्बांनी कागद वाचायलाच नकार दिला. "आधी तिचा हिस्सा तिच्या हातात द्या. मंग तिनं वापस दिला तर घ्या." भाऊ तोंड पाडून गेले. मला दादाअब्बांचा केवढा अभिमान वाटला होता.

नातवंडांचं तर ते प्रत्येकाला बजावायचे. आमच्या कायद्यात जवळचा वारस असला की दूरचा मागे पडतो. एक मुलगा बापाच्या आधी गेला आणि दुसरा हयात असला, तर गेलेल्याच्या लेकरांना काहीच येत नाही. "घरात यतीम नातवंड असलं तर आपण जिते हाये तंवर वसियत करा, त्याच्या नावानं लिहून ठेवा," ते म्हणायचे. "तिसऱ्या हिश्शापर्यंत चालतं. उद्यावर टाकू नका."

आमच्या घरातलं यतीम नातवंड म्हणजे मीच. मी तीन वर्षांची असताना विहिरीवरची मोटर चालू करताना शॉक लागून माझे अब्बा गेले. अम्मी आणि मी मागच्या दोन खोल्यांत राहिलो. दादाअब्बांचं जेवण, औषधं, नमाजाआधीच्या वजूचं पाणी, सगळं बावीस वर्षं अम्मीनंच बघितलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्याच ओसरीवर होता.

एकदा मी थट्टेत विचारलं, "दुनियेचे हिस्से पाडता दादाअब्बा, आपला कागद कधी? मी फुकट लिहून देते."

ते हसले नाहीत. चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "तुझा चाचा हाये ना. मी लिहून ठेवलं तर त्याच्या नियतवर शक घेतल्यासारखं होईल."

मी तिथंच भांडायला हवं होतं. कालवणात मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारी मी, त्या दिवशी लाजेनं गप्प बसले. हावरट दिसेन असं वाटलं.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. चाळिसाव्याला मंठ्याहून फुफी, म्हणजे माझी आत्या, आली. दुसऱ्या दिवशी ओसरीवर सतरंजी घातली आणि चाचांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "तूच लिही बेटा. तुझ्याइतकं बराबर कोणाला जमतंय?" त्यात टोमणा नव्हता. खरंच दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

मी लिहिलं. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसियत. वसियतीपुढे 'नाही' लिहिलं आणि तो शब्द पुन्हा एकदा गिरवला. दादी आधीच गेलेली, म्हणून मग तीनच हिस्से: दोन चाचांचे, एक फुफीचा. इतकी सोपी वाटणी दादाअब्बांकडे कधी आली नव्हती. फुफीला तिचा हिस्सा रोख हवा होता, म्हणून घर विकायचं ठरलं. तिचा तो हक्कच होता, आणि बहिणीचा हक्क बुडवू नये हे तर मी लहानपणापासून लिहीत आले होते. आमच्या मागच्या खोल्या घराबरोबरच गेल्या.

चाचांनी कागद वाचला. "बराबर हाये," म्हणाले. मग त्यांनी कुराणातलं सांगितलं, की वाटणीच्या वेळी यतीम हजर असले तर त्यांनाही त्यातून काही द्यावं आणि त्यांच्याशी गोड बोलावं. त्यांनी ज्वारीची दोन पोती आमच्यासाठी बाजूला काढली आणि खरोखरच गोड बोलले. "भाभी, काही लागलं तर सांगा. शरियतचा हुकूम हाये, माझ्या हातात काय न्हाई."

त्यांच्या हातात होतं. स्वतःच्या दोन हिश्शांतून त्यांनी एका खोलीपुरते पैसे दिले असते तर शरियतनं त्यांचा हात धरला नसता. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्यावर मला रागावताही येईना. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. अम्मीनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि परक्या घरी म्हणावं तसं "शुक्रिया" म्हणाली. तेव्हा माझं काळीज फाटलं.

आता आम्ही परतूरला भाड्याच्या खोलीत राहतो. अम्मी प्रत्येक नमाजनंतर दादाअब्बांसाठी दुआ मागते. मीही तिच्या शेजारी बसून हात उचलते, पण दुआ ओठांवर येत नाही. एवढंच येतं: एक ओळ पुरली असती दादाअब्बा, आणि मी रोज तुमच्यासमोर पेन घेऊन बसत होते.