कट्ट्यावरचं जळकं ऑइल

आमच्या सोसायटीतल्या लोकांची मला किळस येते, हे आधीच सांगून टाकते. तशी माणसं वाईट नाहीत. सणावाराला ताट पाठवतात, कुणी आजारी पडलं तर गाडी काढतात. पण फाटकाबाहेर कुणी घटकाभर टेकलं की यांच्या पोटात दुखायला लागतं.

फाटकाबाहेर, फुटपाथवरच्या करंजाभोवती सिमेंटचा कट्टा आहे. तो सोसायटीचा नाही, रस्त्यावरचा आहे. चाकणला जाणारी कंपनीची बस तिथंच थांबते, म्हणून पहिल्या शिफ्टच्या बायका त्यावर बसलेल्या असायच्या. कुणी वेणी घालतंय, कुणी डब्यातली चपाती आत्ताच खाऊन घेतंय. दूध आणायला खाली उतरले की मीही त्यांच्यात टेकायचे.

त्यातली एक लातूरकडची पोर. ठेकेदाराकडून कामाला लागलेली. तिला दिवस गेले होते आणि ते त्या घोळक्यात फक्त मला माहीत होतं.

"कळलं की घरी बसवतेत, काकू," ती म्हणाली होती. "अजून महिनाभर तरी ढकलायचंय."

बस यायच्या आधी ठेकेदाराचा माणूस मोटरसायकलवरून हजेरी घ्यायला यायचा. ही मागच्या बाजूला, पिशवी मांडीवर घेऊन बसायची आणि बसूनच हात वर करायची. बस आली की सगळ्यांच्या मधून पटकन चढून जायची.

मग आमच्या कमिटीनं करंजाला पाटी ठोकली. 'येथे विनाकारण बसण्यास व थांबण्यास सक्त मनाई. आदेशावरून.' आदेश कुणाचा, ते कुणी विचारलं नाही. गणपतीत आमचा मांडव अख्खा फुटपाथ गिळून बसतो, तेव्हा हा आदेश कुठं जातो कोण जाणे. बायकांनी पाटी वाचली आणि बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कट्टाभर जळकं ऑइल ओतलेलं. गॅरेजातून आणलेलं, काळंकुट्ट, पार बुंध्यापर्यंत ओघळलेलं. एकीचा युनिफॉर्म मागून बरबटला आणि ती तिथंच रडायला लागली. आमच्या बाल्कन्यांमधून लोक चहा पीत बघत होते. मला शिसारी आली.

चेअरमन इथल्याच जुन्या गावातले. मी त्यांना जिन्यातच गाठलं.

"माणसं बसतात तिथं घाण ओतता? लाज कशी वाटत नाही?"

"काकू, आमी काय कुणाला मारलं न्हाई," ते अगदी शांतपणे म्हणाले. "सोसायटीचा लुक जातोय. बसायचं तर बसमधी बसावं की."

मी घरातली प्लास्टिकची खुर्ची नेऊन झाडाखाली ठेवली आणि त्या पोरीला बसवलं. दोन-तीन दिवस चाललं. मग एका सकाळी वॉचमन खुर्ची उचलून आत घेऊन आला. मान खाली घालून म्हणाला, "वरून सांगितलंय, मावशी." त्या गरिबावर काय ओरडणार? ओरडायला हवं होतं ते सगळे वर झोपलेले होते.

पोर उभी राहायला लागली. पाय सुजलेले. पिशवी पोटाशी धरायची, पण थोड्या वेळानं हात भरून यायचा आणि पिशवी खाली घसरायची. मग दुसरा हात आपोआप कमरेवर जायचा. मी डोळ्यांनी खुणावत होते, पण कंबर दुखणाऱ्या बाईला खुणा कुठं दिसतात?

पुढच्या आठवड्यात ती दिसली नाही. मी विचारलं, तर तिच्या शेजारी बसणारी म्हणाली, "हजेरीवाल्यानं बघितलं, काकू. कंबर धरून उभी होती ना. काल बसमध्ये चढूच दिलं नाही तिला. बसलेली असती तर कळलं नसतं."

त्याच संध्याकाळी चेअरमन फाटकाशी भेटले. रिकाम्या कट्ट्याकडे हात करून म्हणाले, "बघा काकू, कसं मोकळं वाटतंय आता."

मी थुंकले. त्यांच्या अंगावर नाही, पायाशी. आता कमिटीकडे माझ्याविरुद्ध तक्रार आहे, सार्वजनिक जागी घाण केल्याची.