अंगठ्यावरची रेघ

माझ्या अंगठ्यावर निळ्या शाईची रेघ आहे आणि ती मी मुद्दाम धुतलेली नाही.

च्युइंगगमच्या पाकिटात निघणारी क्रिकेटपटूंची कार्डं मी शाळेपासून जमवतेय, त्यांवर सह्या घेत हिंडतेय. देशासाठी एकच सामना खेळलेले एक विकेटकीपर तेवढे राहिले होते. ते आज सापडले, बँकेतून निवृत्त होऊन गावच्या मैदानावर रोलर ओढताना.

"माझी सही?" त्यांनी हात पँटला पुसले आणि अंग चोरून बारीकशी सही केली. मग स्वतःच वैतागले. "छे! ही चेकवरची झाली. दुसरं कार्ड आहे का, ताई?"

होतं. छंदी माणूस कार्डं जोडीनेच बाळगतो.

त्यांनी कोपर उचललं. प्रत्येकाने लहानपणी वहीच्या मागच्या पानावर एक सही गिरवलेली असते, मोठेपणी कुणी मागेल म्हणून. बहुतेकांची तिथेच राहते. यांची मात्र अशी झोकात उतरली की तिला कार्ड पुरेना. शेवटचा फराटा कडेवरून सुटला आणि थेट माझ्या अंगठ्यावर आला.

आम्ही दोघंही एकदमच ओरडलो, "फोर!"