न जिरवलेलं टोक

शेजारपाजारचे तिला दाणेकाकू म्हणत, कारण ती भांडी पुसायची फडकी विणायची आणि त्यांवर उठावाचे दाणे काढायची. एकाच टाक्यात चारपाच खांब, म्हणजे उभे टाके, अर्धवट घ्यायचे आणि क्रोशाच्या सुईवर सगळे एकदम बंद करायचे, की सुती दोऱ्याचा टपोरा दाणा वर येतो. दाण्यांच्या बाजूने करपलेलं पातेलं घासावं, सपाट बाजूने ग्लास पुसावा. दवाखान्याच्या कपडेखोलीत फाटक्या चादरी शिवण्यात तिची उमर गेली होती. ती निवृत्त झाली, पाठोपाठ नवरा गेला, घर खायला उठलं, तेव्हा तिने ही सुई हातात घेतली.

फडकं संपलं की दोऱ्याचं टोक टाक्यांखालून मागेपुढे फिरवून जिरवायचं, यात तिची कधी कसूर नसे. एकदाच झाली. नेमकी तेव्हा शेजारीण गप्पा मारायला आली आणि टोक तसंच राहून गेलं. ते फडकं गेलं लेकीकडे. लेक त्याच गावात, पण दुसऱ्या टोकाला. औषधाच्या दुकानातली नोकरी आणि घर यांत तिला मान वर करायला फुरसत नसे.

एका दुपारी तीच दारात उभी. "आई, तुझं फडकं उसवलं, आणि त्याचा दोरा माझ्या नळाला वेटोळं घालून बसलाय."

काम चुटकीसरशी होण्यातलं होतं. पण काकू कसली लबाड! दुरुस्तीच्या नावाखाली तिने चांगल्या ओळीही उसवल्या आणि सावकाश विणत बसली. तोवर लेकीने दुकानाच्या मालकाला मनसोक्त शिव्या घातल्या, आणि मग आईच्या मांडीला डोकं लावून ती चक्क झोपली. काकूने मांडी हलवली नाही. पायाला मुंग्या आल्या तरी नाही.

पुढचं फडकं देताना तिने टोक मुद्दाम मोकळं सोडलं. सुईकडे सारखा जाणारा हात तिने पदराखाली दाबून धरला. जन्मात पहिल्यांदा ती वाईट काम करत होती, आणि तेही इतकं मन लावून, की तिचं तिलाच हसू आलं.

मग ती वाट बघू लागली. बेल वाजली की लगबगीने उठायची. कधी पेपरवाला, कधी भलत्याच घराचा पत्ता विचारणारा. आपण लेकीसाठी झुरतोय हे तिला कळत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. शेवटी न राहवून तीच बस पकडून गेली.

फडकं ओट्यावर वाळत होतं. सुटलेली कड जाड काळ्या दोऱ्याने आवळून शिवलेली. जावई कौतुकाने बघत होता.

"यांनीच शिवलं," लेक भांडी आवरता आवरता म्हणाली. "म्हटलं, आईला कशाला उगीच त्रास द्यायचा?"

काकूने कड ओढून पाहिली. पक्की होती. आता ती जन्मात उसवणार नव्हती. "छान शिवलंय हो," ती जावयाला म्हणाली.

लेकीने हात पुसले, घड्याळाकडे पाहिलं. "मला दुकानात जायचंय गं. चहा टाकू, की निघतेस?"

"निघते. घरी कामं पडलीयत."

घरी एकही काम नव्हतं. लेकीलाही ते ठाऊक असावं, पण तिने चप्पल शोधून दिली.