आधी माणूस, मग दार

शिवणवाल्या काकूंना विनोद सांगता यायचा नाही. म्हणजे अगदी मुळीच नाही. शेवट आधी सांगायच्या, मग स्वतःच पोट धरून हसायच्या आणि वर विचारायच्या, "कळलं का?" कळणार काय, कपाळ! त्यांनी "एक गंमत सांगू?" म्हटलं की काका हात जोडायचे, "नको गं बाई, जीव जाईल बिचाऱ्या विनोदाचा."

काका बसस्थानकावर माइकवरून गाड्या पुकारायचे. गल्ली त्यांना लाडानं 'भोंगा' म्हणायची. बावीस वर्षं त्यांनी असं पुकारलं की पेंगणारा माणूसही बॅग उचलून धावायचा. अशा माणसाला एका सकाळी झटका आला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "त्यांच्याशी बोलत राहा." स्थानकाचे साहेब म्हणाले, "सहा महिने थांबतो, मग सामानाच्या खोलीत बसवावं लागेल." भोंगा आणि गोदामात! काकूंच्या काळजात चर्र झालं.

पण बोलायचं तरी काय? काज-बटणं करता करता दोन दिवसांत काकूंचं बोलणं संपलं, रडू तेवढं उरलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी काकांची लाडकी विनोदी कादंबरी काढली. एका हवालदाराची गोष्ट, पानं सुटायला आलेली. नवऱ्यासाठी म्हणून वाचायला बसल्या आणि चौथ्याच पानावर स्वतः फिस्सकन हसल्या. मग लाज वाटली. घरात माणूस आजारी आणि आपण दात काढतोय! पण खरं सांगायचं तर त्या हसण्यानं त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्या दिवशी कितीतरी दिवसांनी त्या पोटभर जेवल्या. मग रोज दुपारी मशीन बंद आणि पुस्तक उघडं. काका नुसते बघत राहायचे. चार महिने सरले, हूं नाही की चूं नाही.

एका दुपारी चोर चक्क पोलीस चौकीचं दारच पळवतो, तो भाग आला. गोष्टीत दुसऱ्या दिवशी एक माणूस तक्रार घेऊन सरळ आत शिरतो आणि हवालदार ऐटीत खेकसतो, "आधी दार वाजव!" आता हे क्रमानं वाचावं की नाही? पण काकूंची नजर खालच्या ओळीवर गेली आणि त्या हसतच सुटल्या, "अहो, दार वाजव म्हणतो! दार कुठाय?"

काकांचा चेहरा लालबुंद झाला, ओठ थरथरायला लागले. पुन्हा झटका आला की काय म्हणून काकू धावल्या.

"आ... आधी... माणूस!" काका गरजले.

"काय?"

"आधी माणूस येतो! मग... मग दार!" त्यांनी मांडीवर हात आपटला. "मग हसायचं!"

काकू मटकन खाली बसल्या आणि ढसाढसा रडल्या. पदरानं डोळे पुसून लबाडीनं म्हणाल्या, "पुढचं पानही चुकवू का?"

चुकवलं की! रोज एक विनोद उलटा वाचायचा, रोज काका चिडून तो सुलटा करायचे. दोन शब्दांचे चार झाले, चारांचं वाक्य झालं. सहा महिने पुरे व्हायला चार दिवस असताना काका माइकसमोर बसले.

काकू फलाटावर, हातात रुमाल. भोंगा खरखरला. आवाज जरा संथ, पण तोच!

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. सात नंबरची गाडी सुटत आहे. चढण्याआधी..."

काका मुद्दाम थांबले. पुढं 'दार वाजवा' येणार, हे फलाटावर फक्त काकूंनाच ठाऊक होतं, आणि त्या आधीच पोट धरून हसत सुटल्या. काचेआडून काकांनी ते पाहिलं. अख्ख्या स्थानकाला ऐकू जाईल असा भोंगा गरजला,

"अगं, आधी मला बोलू तर दे!"