फी माफ झालेलं कार्ड

आई गेल्यावर वर्षश्राद्धापर्यंत परान्न घ्यायचं नाही, असं मी कुणी न सांगता ठरवलं. दुसऱ्याच्या घरचं, दुसऱ्याच्या पैशाचं काही खायचं नाही. माझा यावर विश्वास आहे का, हे मला अजून सांगता येत नाही. आईने तिच्या वडिलांमागे ते पाळलं होतं. लग्नांनाही ती डबा घेऊन जायची. मला आधार होता तो एवढाच.

त्यातच बहिणीने वडिलांना आणि मला गुवाहाटीला बोलावलं. ओझरहून दिल्ली, तिथे अर्धा दिवस थांबून पुढचं विमान. वडिलांची कंबर लोखंडी खुर्चीवर टिकत नाही. बहीण म्हणाली, "दादा, लाउंजवालं क्रेडिट कार्ड घे. विमानतळावर आत बसायला सोफे असतात, जेवण फुकट."

फुकट म्हटल्यावर मी अडलो.

तरी माहिती वाचायला बसलो. एका कार्डावर लाउंज फक्त परदेशात. दुसऱ्यावर देशात, पण मागच्या तिमाहीत भरपूर खर्च केला असेल तर. आमच्या घरात आई गेल्यापासून दूध, भाजी आणि औषधं यांपलीकडे काही आलं नव्हतं. पुस्तकातल्या तळटिपा मी आवडीने वाचतो. इथे प्रत्येक टीप दुसऱ्या टिपेकडे पाठवत होती.

"वार्षिक फी असलेलं घे," वडील पेपराआडून म्हणाले. "फी भरली की अन्न आपलं. फुकट कार्डावर खाल्लंस तर ते बँकेचं परान्न."

ते थट्टा करत होते का, कळलं नाही. बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "कार्ड घेताय की शास्त्रार्थ करताय?"

मला मात्र ते पटलं. खर्चाची अट नसलेलं, फीवालं कार्ड मी मागितलं. काही दिवसांनी बँकेतल्या मुलीचा फोन आला. "काका, खास तुमच्यासाठी पहिल्या वर्षाची फी माफ करून घेतली."

"मला भरायची होती."

"काका, सगळे माफ करा म्हणतात. आता सिस्टिममध्ये बदलता येणार नाही."

मी तिचे आभार मानले.

दशम्यांचा डबा दिल्ली येण्याआधीच संपला. लाउंजच्या दारात कळलं की कार्डावर एकालाच प्रवेश. पाहुण्याचे वेगळे पैसे. "मुलाच्या कार्डावर बाप पाहुणा," असं म्हणत वडील सोफा शोधायला गेले. त्यांचे पैसे मी भरले.

थोडं पडून झाल्यावर त्यांनी राजमा-भाताचं ताट आणलं. मी पाणी घेऊन बसलो होतो.

"तू?"

"माझं फुकटातलं आहे."

"आणि माझे कुणी भरले?"

"मी."

"मग हे ताट तुझंच आहे. खा." त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं आणि मग त्यांचाच हात थांबला. "म्हणजे परान्न मी खातोय का?"

आईने एका वाक्यात निकाल दिला असता. तो काय असता, हे आम्हा दोघांनाही सुचेना. भात गार व्हायला लागला, तेव्हा वडील उठून दुसरा चमचा घेऊन आले.