मूळ कागदांचं कपाट

आरोग्यसेवेत जाणाऱ्या माणसाच्या मनात आधी करुणा जागी व्हावी लागते. गुण नंतर आपोआप येतात. हे वाक्य माझं आहे, आणि मला त्याची लाज वाटते. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर मी जळगावात पिंप्राळ्याच्या एका प्रवेशपरीक्षेच्या क्लासला शिकवायला लागलो. तिथल्या पहिल्याच भाषणात ते तोंडून गेलं. मालकांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते जिन्यात रंगवून घेतलं आणि खाली वातानुकूलित अभ्यासिकेची जाहिरात केली.

शिकवण्याखेरीज माझ्याकडे फॉर्म भरायचं काम होतं. मेडिकल, आयुर्वेद, नर्सिंग, फिजिओथेरपी. याद्या वेगवेगळ्या, कागद तेच. त्या कागदांचं पोरं काय करत ते पाहवत नसे. कुणी मूळ मार्कशीट लॅमिनेट करून आणी, कुणी जातीच्या दाखल्याच्या चार घड्या करून तो पाकिटात ठेवी. म्हणून मीच सुचवलं की मूळ कागद क्लासच्या लोखंडी कपाटात ठेवावेत. तेव्हा मी स्वतःला मोठा व्यवहारी समजलो होतो.

मालकांनी त्या कपाटाचा भलताच उपयोग काढला. आमच्याकडे निकालानंतर एकच मुलगी तीन क्लासच्या फलकांवर झळकते. एका क्लासमध्ये ती शिकलेली असते, दुसऱ्याची टेस्ट सिरीज तिने लावलेली असते आणि तिसऱ्याकडे ती एकदा चौकशीला गेलेली असते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे पहिली आलेली मुलगी आमच्या आधी समोरच्या क्लासची शाल घेऊन आली. तेव्हापासून नियम झाला: आधी आमचा सत्कार, मग कागद.

यंदा आमच्यातल्या एकालाही मेडिकल मिळालं नाही. त्यातल्या त्यात चांगला नंबर लागला तो सोनगीरच्या एका मुलीचा, धुळ्याच्या एका कॉलेजात, नर्सिंगला. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला बसून तिने दुसऱ्यांदा परीक्षा दिली होती, आणि तिला नर्सिंगच हवं होतं. आईच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर दिवसातून दोन मिनिटं येत, बाकीचा दिवस सिस्टर असत; एवढंच कारण. मालकांनी फलकावर 'वैद्यकीय क्षेत्रात उत्तुंग झेप' असं छापलं आणि तिच्या फोटोच्या गळ्यात स्टेथोस्कोप चिकटवला. नर्सिंग हा शब्द कुठेच नव्हता.

"सर, नर्सिंगच्या नावावर नवी पोरं येत नाहीत," ते म्हणाले.

कॉलेजात मूळ कागद दाखवून जागा पक्की करायची शेवटची तारीख आणि सत्काराची तारीख एकच होती. पाच वाजता खिडकी बंद. तोवर न पोहोचणाऱ्याची जागा दुसऱ्याला. मुलगी दोन दिवस कागद मागत होती. शेवटच्या दिवशी गर्दी नसते, असं मालकांनी तिला सांगितलं होतं.

सत्कार अकराचा होता. दीड वाजला तरी प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नव्हता. पोरांना पांढरे ॲप्रन घालून रांगेत बसवलं होतं. ॲप्रन कुठल्याशा शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेले, त्यांवर आयोडीनचे डाग. परीक्षेचा निकाल पाहून गप्प झालेली पोरंही संख्या भरायला त्यात होती.

मुलीचा फोन वाजला. तिचे वडील सकाळपासून धुळ्याच्या खिडकीशी उभे होते. बाकीचे सगळे आले, हीच नाही, म्हणून ते अहिराणीत ओरडत होते; आवाज मला दोन खुर्च्या सोडून ऐकू येत होता.

"कोठे शे तू? अठे बठ्ठा उनात, तूच नही."

"आबा, पाव्हना अजून येल नहीत."

"पाव्हना ॲडमिशन देतीन का तुले?"

तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी उठून फाटकाशी उभ्या असलेल्या मालकांकडे गेलो. कपाटाची चावी त्यांच्या खिशात होती.

"दहा मिनिटं, सर. पाहुणे नशिराबादला पोहोचलेत."

"साडेअकरालाही ते नशिराबादलाच होते."

"मोठी माणसं आहेत. वाटेत लोक थांबवतात."

"चावी द्या."

"सत्कारमूर्तीच गेली तर सत्कार कुणाचा करू? तुमचा?"

"करा. मी रिकामाच आहे."

ते हसले आणि पोरांना आणखी एक प्रेरणागीत ऐकवायला माईककडे गेले. ऑफिसात झाडलोट करणाऱ्या अक्का दाराशी उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या.

"चावी कशाला लागते सर? खालून लाथ मारली का उघडते ते. माझी चहाची साखर त्यातच राहते."

मी लाथ मारली. पहिली चुकली. दुसऱ्या लाथेला दार उघडलं. साखरेच्या डब्याखाली कागदांचे गठ्ठे होते. मुलीच्या बारावीच्या मार्कशीटवर कपाच्या बुडाचं तपकिरी कडं उमटलेलं. सुरक्षित ठेवण्याची कल्पना माझीच होती, त्यामुळे कुणाला बोलायची सोय नव्हती.

माझ्या जुन्या गाडीतून आम्ही निघालो. ॲप्रन काढायचंही तिला सुचलं नाही. मांडीवरची फाइल ती दर थोड्या वेळाने उघडून कागद मोजत होती. एरंडोलला मालकांचा फोन आला.

"सर, मुलगी कुठंय?"

"एरंडोलला."

"आणि पाहुणे आले तर मी काय सांगू?"

"नशिराबादला गेलीय म्हणा."

पारोळ्याच्या पुढे एका उसाच्या ट्रॉलीमागे आमची वीस मिनिटं गेली. तिने तेवढ्यात एकदाच विचारलं, "सर, मागच्या वर्षी कुणाची जागा अशी गेली होती का?" गेली होती. मी नाही म्हणालो.

पाचला दहा कमी असताना आम्ही पोहोचलो. खिडकीशी रांग नव्हती, तरी आबा गजाला हात लावून उभे होते. हात काढला तर ती बंद करतील, असं त्यांना वाटत असावं. कारकुनाने कागद एकेक करून पाहिले, तपकिरी कड्याचा वास घेतला आणि मग तिच्या ॲप्रनकडे पाहिलं.

"कॉलेज पुढच्या महिन्यात सुरू होतंय, ताई."

त्याने शिक्का मारला. आबांनी हात खाली घेतला आणि बोटं मोकळी केली. मुलगी पायरीवर बसून राहिली.

खिडकीशेजारी, आबा दिवसभर उभे होते तिथेच, एक नोटीस डकवलेली होती. इंग्रजीत होती. मी चष्मा लावून वाचली. सकाळी दहा वाजता मुदत तीन दिवसांनी वाढवली होती.